चॅनेल ग्लासची भिंत: मॉडेलच्या नोंदी

१२ जानेवारी

वाचनालयाच्या मॉडेलमधल्या काचेच्या तीन भिंती आजपासून माझ्याकडे. अ ही वाचन कक्षाची सरळ भिंत, ब ही जिन्याभोवतीची गोल भिंत आणि क प्रवेशाची, जिच्यात दार आहे. तिन्ही चॅनेल ग्लासच्या होणार हे ठरलेलं आहे. रेव्हिटच्या (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये मात्र अजून साधी कर्टन वॉल, म्हणजे ग्रिडवर बसवलेल्या पॅनेलांची भिंत, उभी आहे: हजार मिमीचं ग्रिड, सपाट पॅनेल, प्रत्येक रेषेवर मलियन, म्हणजे चौकटीची पट्टी. संकल्पनेच्या वेळी तात्पुरती म्हणून ठेवली आणि तशीच पुढे आली.

चॅनेल ग्लास म्हणजे यू आकाराची ओतीव काच. भट्टीतून निघालेली काचेची पट्टी मऊ असतानाच रुळांमधून जाते आणि तिच्या दोन्ही कडा वर वळवल्या जातात. या उभ्या कडा, म्हणजे फ्लँज, काचेला ताठपणा देतात. त्यामुळे ती वर आणि खाली फ्रेममध्ये बसली की मध्ये कशाच्याही आधाराशिवाय उभी राहते. दोन चॅनेलांच्या सांध्यात फक्त सिलिकॉन. मॉडेलमधले उभे मलियन म्हणूनच सगळे जाणार.

संध्याकाळी कॅन्सस सिटीतल्या नेल्सन-अ‍ॅटकिन्स म्युझियमच्या ब्लॉक बिल्डिंगचे फोटो पुन्हा पाहिले. स्टीव्हन हॉल यांची ही इमारत २००७ साली खुली झाली. रात्री आतून उजळलेल्या त्या काचेच्या पेट्यांवर उभ्या रेषांची जी बारीक लय दिसते, ती चॅनेलांच्या कडांची आहे. आपल्या मॉडेलमध्ये ती लय दिसली नाही तर आपण काय बांधतो आहोत हे कुणालाच कळणार नाही, आपल्यालाही नाही.

१३ जानेवारी

या काचेची मापं ठरावीक असतात: रुंदी २३२, २६२, ३३१ किंवा ४९८ मिमी, फ्लँजची उंची ४१ किंवा ६०, जाडी ६ किंवा ७. ४९८ रुंदीची काच फक्त ४१च्या फ्लँजमध्ये घेतात. आपल्याला २६२ रुंद, ४१ फ्लँज, ६ जाडीची घ्यायची आहे.

काचेच्या पॅनेलची फॅमिली, म्हणजे रेव्हिटमधला पुन्हापुन्हा वापरायचा घटक, करायला घेतली. कर्टन पॅनेलचं मेट्रिक टेम्प्लेट उघडून यूचं प्रोफाइल काढलं आणि खालच्या रेफरन्स प्लेनपासून (मापाच्या आधारपातळीपासून) वरच्यापर्यंत एक्स्ट्रूजन दिलं, म्हणजे तो आकार उभा ताणला. रुंदीचं पॅरामीटर मुद्दाम दिलं नाही. कर्टन पॅनेलची सवय अशी की ग्रिड जितकी जागा देईल तितकं ते ताणलं जातं. ही काच ताणता येत नाही, ती २६२ चीच येते. म्हणून प्रोफाइल मध्यरेषेला बांधून रुंदी २६२ वर कुलूपबंद केली. ग्रिड चुकलं तर सांधा रुंद दिसेल किंवा काच काचेत घुसेल, पण काच खोटं माप दाखवणार नाही.

आतल्या कोपऱ्याची गोलाई घेतली. फ्लँजच्या टोकाची अर्ध्या मिमीची गोलाई मात्र रेव्हिटने नाकारली. सुमारे ०.८ मिमीपेक्षा लहान रेषा तो काढूच देत नाही. टोक चौकोनी ठेवलं, त्याने काही बिघडत नाही.

वजनाचा अंदाज: काटछेद साधारण (२६२ + २ × ३५) × ६ = १,९९२ चौ. मिमी. काचेची घनता २,५०० किलो प्रति घनमीटर धरली तर मीटरला जवळजवळ ५ किलो. चार मीटरचं चॅनेल म्हणजे वीस किलो. दोघांनी सहज उचलण्याजोगं, पण इतक्या लांब काचेला नुसत्या ताकदीपेक्षा सांभाळून धरणारे हात लागतात.

१५ जानेवारी

आजचा दिवस या कामातला सगळ्यात महत्त्वाचा ठरेल असं वाटतं.

अ भिंतीसाठी स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये ६५०० मिमी रुंदीची मोकळीक, म्हणजे काँक्रीटमध्ये भिंतीसाठी सोडलेली जागा, आहे. २६२ ची काच आणि ३ चा सांधा मिळून मॉड्यूल २६५. आम्ही वापरतोय त्या सिस्टीमचा नियम असा: फ्रेमची बाहेरची रुंदी = चॅनेलांची संख्या × मॉड्यूल + ५० मिमी. हे ५० म्हणजे दोन्ही बाजूंचे २५-२५. फ्रेमभोवती पॅकिंगसाठी १०-१० सोडायचे. आता ६५०० मधून २० आणि ५० वजा केले तर ६४३० उरतात. २४ चॅनेलांना ६३६० लागतात. ७० मिमी शिल्लक.

या ७० मिमीचं करायचं काय? शेवटचं चॅनेल उभं कापून बसवायचं तर त्याचा एक फ्लँज जातो आणि एल आकार उरतो, त्याचा ताठपणा तसा राहत नाही. शिवाय वाऱ्याच्या हिशेबानंतर स्ट्रक्चरवाल्या मॅडमनी काच टफन्ड, म्हणजे टेम्परिंगने (तापवून झपाट्याने थंड करून) मजबूत केलेली, हवी असं कळवलंय. टफन्ड काच टेम्परिंगनंतर कापता येत नाही, कापायला गेलं की तिचे तुकडे होतात. सांधे ३ चे ६ करून ७० मिमी जिरवायचे हा एक विचार कुणीतरी मांडला. २४ सांध्यांत तीन-तीन मिमी टाकले की गणित जमतं हे खरं, पण सांध्याची रुंदी आपल्या सोयीने दुप्पट करायची गोष्ट नाही. सिलिकॉनचा सांधा सिस्टीमने तपासून दिलेला आहे.

मॅडमना फोन करून विचारलं, मोकळीक ६४३० करता येईल का? ६३६० + ५० + २०. बाजूचा काँक्रीटचा कॉलम ७० मिमीने वाढवायचा, इतकंच. शटरिंगचं ड्रॉइंग अजून साइटवर गेलेलं नव्हतं, त्यामुळे हो म्हणाल्या. महिनाभर उशीर झाला असता तर हे उत्तर मिळालं नसतं.

आतापर्यंत आम्ही भिंतीची लांबी आधी घेत होतो आणि तिच्यात काच बसवत होतो. या काचेच्या बाबतीत उलटं चालावं लागतं. आधी चॅनेल मोजायचे, त्यातून फ्रेम निघते, फ्रेममधून मोकळीक आणि मोकळिकीतून काँक्रीट. मॉडेलमध्येही हाच क्रम हवा.

१६ जानेवारी

म्हणून कर्टन वॉलची लांबी फक्त काचेची ठेवली: ६३६०. उभं ग्रिड ठरावीक अंतरावर, २६५. बाजूच्या फ्रेम कर्टन वॉलच्या बाहेर, रेषेवर बसणाऱ्या वेगळ्या फॅमिलीत. आधी त्या बॉर्डर मलियन म्हणून लावून पाहिल्या होत्या. रेव्हिटमध्ये मलियन पॅनेलची जागा खातो, त्यामुळे पहिलं आणि शेवटचं पॅनेल अरुंद झालं आणि मध्यरेषेला बांधलेली काच तिथे सरकली. ऑफसेट देऊन ते सावरता येतं, पण मग पुढे भिंत हलवणाऱ्या माणसाला तो ऑफसेट का आहे हे कळायला हवं. लांबी = संख्या × २६५ हे न सांगता कळतं.

१९ जानेवारी

वरच्या आणि खालच्या फ्रेमसाठी मात्र मलियनच वापरले. तिथे दुसरी अडचण.

पॅनेल मलियनच्या कडेला थांबतं. खरी काच तिथे थांबत नाही, ती फ्रेमच्या पोटात जाते. तेव्हा शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या यादीत, येणारी पॅनेलची उंची ही दिसणाऱ्या काचेची उंची, कापायच्या काचेची नाही. टफन्ड काचेच्या ऑर्डरला ही संख्या चुकून गेली तर सगळी काच फेकावी लागेल.

फॅमिलीत दोन पॅरामीटर घातले: वरची पकड आणि खालची पकड, म्हणजे काच त्या-त्या फ्रेममध्ये किती आत जाते. एक्स्ट्रूजन तितकंच रेफरन्स प्लेनच्या पलीकडे नेलं. रेव्हिट त्याला आडकाठी करत नाही. मग काचेची लांबी = पॅनेलची उंची + वरची पकड + खालची पकड, हे सूत्र फॅमिलीतच.

आकडे पडताळले. मोकळिकीची उंची ४२००, वर-खाली १०-१० पॅकिंग, म्हणजे फ्रेम ४१८०. वरचा मलियन ५०, खालचा ३५, पॅनेल ४०९५. वरची पकड २५, खालची २०. लांबी ४१४०. सिस्टीमचा नियम सांगतो काच = फ्रेमची उंची − ४०. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला तेव्हा जिवात जीव आला.

ते ४० मिमी कुठे आहेत हे काटछेदात आता स्पष्ट दिसतं: काचेच्या वर २५, खाली १५. वरची पोकळी बसवण्यासाठी आहे. चॅनेल आधी वरच्या फ्रेममध्ये खोल ढकलायचं, खालचं टोक ओठावरून आत घ्यायचं आणि मग खाली सोडायचं. खालच्या फ्रेमचा ओठ ३५, काचेचं बूड १५ वर. म्हणजे २० उचलावं लागतं आणि २५ उपलब्ध आहेत. काटछेद काढताना हे पाच मिमी लक्षात ठेवायला हवेत.

२२ जानेवारी

प्लॅन छापून पाहिला. १:१०० ला चोवीस यू एकमेकांना चिकटून काळा पट्टा झाला होता. फॅमिलीत एक साधा आयताकृती ठोकळा घातला, जो फक्त कोर्समध्ये, म्हणजे सगळ्यात कमी तपशिलाच्या पातळीवर, दिसेल. यूचं प्रोफाइल मीडियम आणि फाइनमध्ये. आता १:१०० ला दोन रेषा आणि १:२० ला यू.

काचेचा खडबडीत पोत भूमितीत घ्यायचा नाही, मटेरियलच्या बंपमध्येच (खडबडीतपणाचा नुसता आभास देणाऱ्या सेटिंगमध्ये) ठेवायचा. कुणी कितीही सांगितलं तरी.

२८ जानेवारी

ब भिंत. त्रिज्या ३०००, चॅनेल १८, म्हणजे कंसाची लांबी ४७७० आणि जवळजवळ पाव वर्तुळ.

गोल कर्टन वॉलमध्ये रेव्हिट पॅनेल सपाटच ठेवतो, दोन ग्रिडरेषांमध्ये एक सरळ तुकडा. काचेच्या सपाट तावांची गोल भिंत काढताना हे खटकतं. इथे ते अगदी योग्य आहे, कारण चॅनेलही सपाट असतं आणि अशा अरुंद तुकड्यांनीच वळण घेतं. सॉफ्टवेअर आणि वस्तू एकाच रीतीने वागत आहेत असं क्वचितच होतं, त्यामुळे काम पटकन होईल असं वाटलं होतं.

फाइनमध्ये प्लॅन मोठा करून पाहिला तर शेजारच्या चॅनेलांचे फ्लँज टोकाला एकमेकांत घुसलेले. गणित सोपं आहे. दोन चॅनेलांमधला कोन = २६५ ÷ ३००० = ०.०८८३ रेडियन, सुमारे ५ अंश. फ्लँज वर्तुळाच्या केंद्राकडे तोंड करून आहेत, त्यामुळे टोकापाशी ते ४१ × ०.०८८३ = ३.६ मिमीने जवळ येतात. सांधा ३ चा. ०.६ मिमीची टक्कर.

एवढ्याशा आकड्याकडे दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण काच काचेला टेकली की तिथून तडा जातो, आणि टफन्ड काचेची कड हा तिचा सगळ्यात नाजूक भाग. खरं तर शून्यावर आणणंही पुरेसं नाही, टोकांमध्ये सिलिकॉनला जागा राहायला हवी.

दोन वाटा. त्रिज्या वाढवायची: टोकाला निदान १ मिमी मोकळं ठेवायचं तर ४१ × २६५ ÷ २, म्हणजे सुमारे ५४३० त्रिज्या हवी. त्यात जिना बसत नाही. दुसरी वाट फ्लँज बाहेर तोंड करून लावायचे. मग टोकं जवळ येण्याऐवजी फाकतात, मुळाशी ३ आणि टोकाशी ६.६. फॅमिलीत दोन टाइप केले, ‘फ्लँज आत’ आणि ‘फ्लँज बाहेर’.

यामुळे रूप बदलतं. आतून जिन्याच्या बाजूला सपाट काच आणि बाहेरून उभ्या कडा, ज्यांची सावली उन्हात भिंतीवर फिरेल. आमच्या आर्किटेक्ट सरांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मला हेच जास्त आवडलं, पण मॅडमना विचारल्याशिवाय नाही.’ बरोबर आहे. फ्लँजची बाजू बदलली की वाऱ्याच्या दाबाला आणि खेचीला काचेचा वेगवेगळा भाग ताणात येतो. हिशेब दोन्हींसाठी पुन्हा करावा लागेल.

३० जानेवारी

मॅडमचा निरोप: ब ला फ्लँज बाहेर चालतील, टफन्ड काच तशीच ठेवून.

३ फेब्रुवारी

क भिंतीचं दार. आधी नेहमीसारखं केलं: चार मॉड्यूलमधल्या ग्रिडरेषांचे तुकडे काढून १०६० ची जागा केली, तिच्यात दाराचं पॅनेल, वर एक आडवा मलियन आणि त्याच्यावर चार आखूड चॅनेल. मॉडेलमध्ये छान दिसलं.

मग विचार केला की दार आपटेल तेव्हा तो धक्का कुठे जाणार. दाराची चौकट शेजारच्या चॅनेलांवर टेकलेली आहे. सिलिकॉनने जोडलेल्या काचेवर दाराचा भार टाकायचा नसतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून स्लॅबपर्यंत पोस्ट हवेत. एकदा पोस्ट आले की क ही एक भिंत राहत नाही. डावीकडची काच, दारावरची काच, उजवीकडची काच अशा तीन वेगळ्या जागा होतात आणि प्रत्येकीला आपापले ५० मिमी लागतात.

डावीकडे ७ चॅनेल: १८५५ + ५० = १९०५. उजवीकडे ५: १३२५ + ५० = १३७५. दारावर ४: १०६० + ५० = १११०. ८० चे दोन पोस्ट १६०. बेरीज ४५५०, पॅकिंग धरून मोकळीक ४५७०. मॉडेलमध्ये तीन कर्टन वॉल केल्या. दारावरच्या आखूड चॅनेलांसाठी फ्रेमची उंची ४१८० − २१५० = २०३०, काच १९९०. चारांचं मिळून वजन चाळीस किलो, ते दाराच्या वरच्या आडव्या फ्रेमवर येतं. तिच्या डिटेलवर ही संख्या लिहून ठेवली.

५ फेब्रुवारी

क भिंतीचा माथा पोर्चच्या छतासारखा तिरका करावा का, अशी चर्चा निघाली. माझं मत विरोधात. बाहेरून आणलेली पॅनेल फॅमिली आयताकृती चौकटीतच नीट चालते, तिरक्या कडेला ती कापली जात नाही, हा त्यातला छोटा भाग झाला. वेगळी फॅमिली करून तो सोडवता येईल. मोठा भाग हा की प्रत्येक चॅनेलची लांबी वेगळी, प्रत्येकाचं टोक तिरकं, सगळं टेम्परिंगच्या आधी कापलेलं आणि एक फुटलं तर नेमकं तेवढंच पुन्हा मागवायचं. सरांनी माथा आडवाच ठेवला.

११ फेब्रुवारी

वाचन कक्ष दुपदरी काचेचा करायचा असं ठरलं. एकपदरी चॅनेल ग्लासचं यू-मूल्य (काचेतून उष्णता किती जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) ५.७ च्या आसपास, दुपदरीचं कोटिंगशिवाय सुमारे २.८. लोक तासन्‌तास बसून वाचणार आहेत, तिथे हा फरक लहान नाही.

दुपदरीत दोन्ही पदरांचे फ्लँज एकमेकांकडे तोंड करतात. आतला पदर थोडा बाजूला सरकवलेला असतो, म्हणजे समोरासमोरचे फ्लँज एकमेकांच्या आड येत नाहीत. पहिला विचार दोन समांतर कर्टन वॉल काढायचा होता. नको वाटलं, कारण एक हलवली आणि दुसरी विसरली की चूक कुणालाच दिसणार नाही. एकाच पॅनेल फॅमिलीत दोन चॅनेल घेतले आणि आतल्याला ‘सरक’ नावाचं पॅरामीटर दिलं. आतलं चॅनेल पॅनेलच्या रेफरन्स प्लेनबाहेर थोडं डोकावतं, पण शेजारच्या पॅनेलमधलंही तितकंच सरकलेलं असतं, त्यामुळे रांग जुळते. फक्त टोकांकडे लक्ष हवं. सरक जितकी, तितकी एका बाजूच्या फ्रेममधली जागा कमी होते आणि दुसरीकडची वाढते, आणि दोन्हीकडे मुळात २५ च आहेत.

ब भिंतही दुपदरी करावी का अशी विचारणा झाली. नाही होणार. बाहेरच्या पदराचे फ्लँज पुन्हा आत वळवावे लागतील आणि २८ तारखेची टक्कर परत येईल. त्याहून मोठी अडचण आतल्या पदराची. दोन पदर फक्त ५० मिमी अंतरावर धरले तरी आतल्या कंसाची त्रिज्या २९५० होते आणि तिथे मॉड्यूल उरतं २६५ × २९५० ÷ ३००० = २६०.६ मिमी. काच आहे २६२. सांधा सोडाच, नुसती काचही मावत नाही. आतल्या कंसात चॅनेल कमी करावेत तर पदरांची रांग जुळत नाही. हे कागदावर मांडून दिलं आणि जिना एकपदरीच राहिला. तिथे कुणी बसून राहत नाही.

१२ फेब्रुवारी

शेड्यूलमध्ये अ भिंतीचे २४ नग. हवेत ४८. चॅनेल आता पॅनेलच्या आत बसवलेली फॅमिली आहे आणि ती शेअर्ड (शेड्यूलमध्ये स्वतंत्र मोजली जाणारी) केलेली नव्हती, म्हणून मोजलीच जात नव्हती. शेअर्ड केली, लांबीचं पॅरामीटरही शेअर्ड केलं. आता ४१४० चे नग: अ ४८, ब १८, क १२, एकूण ७८. १९९० चे ४. पॅनेलच्या शेड्यूलवरून ऑर्डर द्यायची नाही, चॅनेलच्या शेड्यूलवरूनच, असं शेड्यूलच्या नावातच लिहिलं.

१७ फेब्रुवारी

काच बसवणाऱ्या मिस्त्रींना मॉडेल दाखवलं. अ भिंतीच्या काटछेदाकडे त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, ‘एखादी फुटली तर काढायची कशी?’

जशी घातली तशी, वर उचलून, असं मी म्हटलं. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न: ‘तोवर वरचा स्लॅब तेवढाच राहणार का?’

मॅडमना विचारलं. वरच्या स्लॅबची कड काळाच्या ओघात १२ मिमीपर्यंत खाली येईल असा त्यांचा हिशेब आहे. काचेच्या वर २५ मिमी आहेत म्हणून काच दाबली जाणार नाही, हे मी पाहिलं होतं. पण २५ मधून १२ गेले की १३ उरतात आणि काच बाहेर काढायला २० उचलावी लागते. म्हणजे काही वर्षांनी फुटलेलं एक चॅनेल बदलायचं तर वरची फ्रेम उघडावी लागेल. भिंत उभी राहील, पण दुरुस्त करता येणार नाही. हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता, आणि तो मॉडेलमध्ये कुठलीच टक्कर म्हणून दिसलाही नसता.

उपाय: वरच्या फ्रेमच्या माथ्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक बाही, स्लॅबला ठोकलेली. फ्रेम तिच्यात वर-खाली सरकू शकेल आणि बाजूच्या फ्रेमवर उभी राहील. स्लॅब खाली आला तर बाही खाली येईल, फ्रेम जागेवरच. त्यासाठी वरचं अंतर १० चं २५ केलं. फ्रेम ४१८० ची ४१६५ झाली, काच ४१२५. दारावरची १९७५.

मॉडेलमध्ये भिंतीची उंची १५ ने कमी केली आणि शेड्यूलमधले ८२ नग एकदम बदलले. पकडीची पॅरामीटर घालताना लागलेला वेळ आज वसूल झाला.

१८ फेब्रुवारी

मिस्त्रींचाच आणखी एक मुद्दा. चार मीटरचं चॅनेल तिरकं धरून आधी माथ्यात घालावं लागतं. आतल्या बाजूने वाचन कक्षात एसीची डक्ट भिंतीला समांतर जाते, त्यामुळे आतून तिरकं धरायला जागाच नाही. अ भिंत बाहेरून, परांचीवरून बसवायची असं ठरलं. परांचीसाठी लागणारी जागा पारदर्शक ठोकळ्याच्या रूपात मॉडेलमध्ये ठेवली आणि तिला वेगळी सबकॅटेगरी दिली. छापताना ती दिसत नाही, पण टक्कर तपासताना मोजली जाते. लगेच सापडलं: बाहेरच्या बाजूला पावसाच्या पाण्याचा पाइप याच पट्ट्यात आहे. पाइप काच बसल्यानंतर लावायचा, अशी नोंद प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर गेली.

२४ फेब्रुवारी

रेंडर. साध्या ग्लेझिंगच्या मटेरियलने भिंत खिडकीसारखी आरपार दिसत होती. चॅनेल ग्लासमधून प्रकाश येतो, पण पलीकडचं नीट दिसत नाही, माणूस सावलीसारखा दिसतो. पारदर्शकता कमी करून नाही, पोताचा बंप वाढवून आणि अपवर्तन ठेवून ते जमलं. आणि फ्लँज खरे असल्यामुळे कडा आपोआप गडद आल्या. तिथे नजरेला ४१ मिमी खोल काच दिसते, म्हणून हिरवट छटा दाटते. ही छटा काचेतल्या लोहामुळे येते. कमी लोहाची काच घेतली तर ती बरीच फिकी होते. दोन्ही रेंडर शेजारी ठेवून सरांकडे पाठवले. मला स्वतःला नेहमीची काच बरी वाटते, त्या हिरव्या रेषांमुळेच भिंतीला उभी वीण मिळते. त्यांनी वाचन कक्षासाठी कमी लोहाची निवडली, कागदाचा रंग बदलू नये म्हणून. त्यांचं कारण माझ्या आवडीपेक्षा वजनदार आहे. अ साठी एक आणि ब, क साठी दुसरी अशी वेगळी मटेरियल टाइप केली.

इतर सल्लागारांना आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची फाइल) पाठवली. भिंत कर्टन वॉल म्हणून, पॅनेल प्लेट म्हणून आणि मलियन मेंबर म्हणून गेले. आतली चॅनेल नीट पोहोचली हे उघडून तपासलं.

१२ मार्च

साइटवरून अ ची मापं आली. रुंदी खाली ६४२९, मध्ये ६४२४, वर ६४२७. उंची डावीकडे ४२००, उजवीकडे ४१९६.

सगळ्यात कमी माप धरायचं. ६४२४ − ६४१० = १४, म्हणजे बाजूंना १०-१० ऐवजी ७-७. पॅकिंगला पुरे. उंचीत उजवीकडे ४ कमी. फ्रेम ४१६५, खाली १०, वर उरतात २१. बाहीला १२ ची हालचाल हवी, ती होते. काचेची लांबी बदलायची गरज नाही.

ब आणि क ची मापं अजून यायची आहेत. ब मध्ये त्रिज्या नुसती विचारून चालणार नाही. दर दोन मॉड्यूलला एक असे दहा बिंदू ठरवून त्यांची केंद्रापासूनची अंतरं मागवली आहेत. ती आली की आधी फ्रेमची रेषा मॉडेलमध्ये त्या बिंदूंवरून टाकायची आणि मगच ४१२५ च्या ७८ नगांची ऑर्डर सोडायची.